पेंडंटमधल्या दोन वायरी

४ मार्च, सोमवार

क्रेनच्या पॅनेलचा नकाशा आज पूर्ण झाला. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात दोन चौकोन असतात, 'आखणी' आणि 'तपासणी'. आजवर दोन्हीकडे बाबांची सही असायची. आज त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. "आखलंयस तू, सही पण तूच कर." मी पहिल्या चौकोनात केली. म्हणाले, "दुसऱ्यातही."

मी म्हटलं, "आपणच पेपर लिहायचा आणि आपणच तपासायचा? शाळेत अशी सोय असती तर मी पहिली आले असते."

ते हसले. पण कागद काही हातात घेतला नाही.

लग्न होऊन आले तेव्हा मी सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, दुकानात नुसती फोन घ्यायला बसायचे. त्याला नऊ वर्षं झाली. जळालेल्या मोटरला नवी तार भरणं बाबांकडे, मोटर चालू-बंद करणाऱ्या पॅनेलचं वायरिंग माझ्याकडे. आमच्या ह्यांना विजेचं इतकं वावडं की घरातला बल्ब गेला तरी मला हाक मारतात. मी आणि बाबा मात्र दिवसभर एका टेबलावर. पण एखादं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या नावावर असं हे पहिलंच. फरश्यांच्या दगडांचं गोदाम आहे. तिथल्या क्रेनची मोटर जळली, पॅनेलही जुनाट. दोन्ही नवं करून द्यायचं.

आनंद व्हायला हवा. मी मात्र नकाशा परत उघडून बसलेय.

८ मार्च, शुक्रवार

पॅनेलमध्ये दोन मोठे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेने ओढले जाणारे स्विच, बसवले, एक 'वर'चा, एक 'खाली'चा. खाली लटकणाऱ्या बटणांच्या डब्यावर, म्हणजे पेंडंटवर, बोट दाबलं की त्या त्या बाजूचा कॉन्टॅक्टर टक्कन ओढला जातो आणि मोटर त्या दिशेला फिरते. हुक पार वर पोचला की लिमिट स्विच दाबला जातो आणि 'वर'चा कॉन्टॅक्टर सोडतो. माणसाचं बोट चुकून बटणावर राहिलं तरी क्रेन आपोआप थांबावी म्हणून ही सोय. क्रेनचा जीव या एका स्विचमध्ये असतो, असं बाबा म्हणतात.

ते माझी सारखी परीक्षा घेतायत. वायर उचलतात, खिडकीशी नेतात, मान तिरकी करतात आणि विचारतात, "ही कोणती?" मी म्हणते निळी. "आणि ही?" लाल. "बरोबर." नऊ वर्षं काम करणाऱ्या बाईला रंग विचारतात! पहिल्यांदा राग आला, मग वाटलं, स्वतःची जबाबदारी माझ्या हातात देतायत, खात्री करून घेणारच. आज दिवसभरात सात-आठ वेळा विचारलं. मी एकदाही चुकले नाही.

प्रत्येक वायरच्या टोकाला नंबराचं कडं घातलं. तीन नंबर 'वर', पाच नंबर 'खाली'. स्क्रू दोन-दोनदा आवळले. घरी आल्यावर परत जाऊन तिसऱ्यांदा आवळून आले. हे म्हणाले, "स्क्रूच तुटेल एक दिवस."

११ मार्च, सोमवार

क्रेन बसली. अंग मोडून आलंय, पण लिहून ठेवते.

पॅनेल वर, गर्डरवर, म्हणजे आडव्या लोखंडी तुळईवर बसतं. लोखंडी शिडीने पंचवीस फूट चढायचं. मी पॅनेल लावलं. मोटरच्या वायरी मी जोडते म्हटलं तर बाबा म्हणाले, "मोटर मी भरलीय, जोडणारही मीच." चढले. वर छपराखाली अंधारच असतो. खूप वेळ लावला त्यांनी. उतरताना शेवटच्या पायरीआधी पाय हवेतच चाचपडत होता. मी धावले तर खेकसले, "लहान आहे का मी?" मग दगडाच्या थप्पीवर बसून राहिले. दम लागला म्हणाले.

चालू केली तर दिशा उलटी. 'वर' दाबलं की हुक खाली. यात नवल काही नाही, मोटरच्या तीनपैकी दोन वायरी अदलाबदल झाल्या की असं होतं. वर जाऊन दोन वायरी बदलायच्या, पाच मिनिटांचं काम. मी शिडीकडे निघाले तर बाबा म्हणाले, "आधी दुकानातून मेगर घेऊन ये, तो राहिलाय. तोवर मी बघतो."

वीजगळती तपासायचा तो मेगर घेऊन परत आले तेव्हा हुक सरळ चालत होता. 'वर' म्हणजे वर, 'खाली' म्हणजे खाली. मी म्हटलं, "चढलात परत?" म्हणाले, "झालं ना काम? मग."

क्रेन चालवणारे लंबूभाऊ तेवढ्यात आले. ताडमाड उंच म्हणून हे नाव. त्यांनी चार-पाचदा हुक वरखाली केला आणि बटणांच्या डब्याला हात जोडले. "वहिनी, जुनं बटण असं होतं की दाबायला दोन अंगठे लागायचे. आता एकात भागतंय."

मी म्हटलं, लिमिट स्विच एकदा चालवून बघूया. बाबा म्हणाले, "तू गेलीस तेव्हा बघितला मी. चल आता, डोकं चढलंय माझं."

तपासणीच्या कागदावर पाच ओळी होत्या. चौथी ओळ: 'वरचा लिमिट स्विच प्रत्यक्ष चालवून पाहिला.' मी पाचही ओळींपुढे बरोबरची खूण केली आणि सही केली.

१२ मार्च, मंगळवार

गोदामाच्या मालकांचा फोन. क्रेन लोण्यासारखी चालतेय म्हणाले. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "चांगलंय," आणि नुसते बसून राहिले. माझं कौतुक झालं की एरवी सगळ्या गल्लीला सांगत फिरतात.

१६ मार्च, शनिवार

जसं कळलं तसं लिहिते.

सकाळी साडेदहाला गोदामातून फोन. लंबूभाऊंनी फरशीचा गठ्ठा उचलला होता. हुक वर गेला, थांबलाच नाही. गर्डरला धडकला, दोर तुटला, गठ्ठा खाली आला. लंबूभाऊंनी उडी मारली म्हणून जीव वाचला. पण डावा पाय अडकला. दोन बोटं कापावी लागली.

थांबला नाही. म्हणजे लिमिट स्विच चालला नाही. म्हणजे वायरिंग. वायरिंग माझं.

बाबांना सांगितलं तेव्हा ते मोटरला वॉर्निश लावत होते. ब्रश खाली ठेवला. विचारलं, "जिवंत आहे ना?" मी हो म्हटलं. ते उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. माझ्याकडे पाहिलंही नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना माझी लाज वाटली असेल.

१७ मार्च, रविवार

जेवण गेलं नाही. नकाशा ओळीओळीने तपासला, चार वेळा. तसाच एक लिमिट स्विच दुकानात होता, तो स्वयंपाकघरात आणून ठेवला. अकरा आणि बारा नंबरच्या टोकांवर लावला की दाबल्यावर विजेची वाट तुटते. तेरा-चौदावर लावला तर उलट, दाबल्यावर जुळते. मी अकरा-बारावरच लावला होता. लावला होता ना? बोटांना आठवतंय, पण डोक्याला खात्री नाही. मी तो स्विच दाबत बसले. टक. टक. शेवटी ह्यांनी माझ्या हातातून काढून घेतला.

"बाबांना विचार ना," हे म्हणाले.

"कुठल्या तोंडाने विचारू?"

आणि ती चौथी ओळ. मी पाहिलं नव्हतं, तरी खूण केली. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही.

१८ मार्च, सोमवार

मालक स्वतः दुकानात आले. मला वाटलं आता तोंडाला येईल ते बोलतील. उलट गोडच बोलले.

"तुमची चूक नाही हो. त्या लंबूने बटण दाबून धरलं. लक्ष दुसरीकडे, कुणाशी तरी बोलत होता. तोसुद्धा कबूल करतोय. शुक्रवारी सरकारी तपासनीस येणार आहेत. त्याआधी एकदा येऊन बघून जा. काही बारीकसारीक इकडेतिकडे झालं असेल तर ठीक करून टाका. सगळं जागच्या जागी निघालं की प्रश्नच मिटला."

"आणि लंबूभाऊ?"

"त्याला तसाही आता क्रेनवर घेता येणार नाही."

ते गेल्यावर मी खुर्चीत बसले. सुटले, असंच वाटलं मला. खोटं कशाला लिहू? मग लगेच लंबूभाऊंचं ते हात जोडणं आठवलं.

बाबा सगळं ऐकत होते. म्हणाले, "तू जाऊ नकोस. मी जातो." मी म्हटलं, "काम माझं आहे, मीच जाणार." त्यावर त्यांनी इतक्या जोरात नाही म्हटलं की बाहेरून जाणारा माणूस थबकला.

माझ्यावर विश्वासच उरला नाही त्यांचा.

२० मार्च, बुधवार

बाबा दोन दिवस जेवले नाहीत. आज मोटरमधली तार तपासताना भिंग वापरत होते. मी विचारलं तर भिंग टेबलाच्या खणात टाकलं. पाण्याचा पेला घ्यायला हात पुढे केला तो पेल्याच्या बाजूला पडला. काळजीने माणूस किती खचतो. हे सगळं माझ्यामुळे.

उद्या त्यांना न सांगता गोदामात जाणार.

२१ मार्च, गुरुवार

गेले. सकाळी नऊलाच.

क्रेन बंद होती, तुटका दोर तसाच लटकत होता. जमिनीवर फरशीचा चुरा झाडून एका बाजूला लावलेला. शिडी चढताना एकेक पायरी मोजली. पॅनेल उघडलं. लिमिट स्विच अकरा-बारावर. नंबरांची कडी जागच्या जागी. स्क्रू घट्ट. माझं वायरिंग कागदावर होतं तसंच होतं. मी गर्डरला टेकून उभी राहिले आणि चक्क रडले. बरं वाटलं म्हणून.

मग प्रश्न पडला. सगळं बरोबर आहे, तर थांबला का नाही?

मोटरचं झाकण उघडलं. टॉर्च मारला. लाल वायरच्या जागी निळी आणि निळीच्या जागी लाल. म्हणजे दिशा उलटी आली होती ती यामुळे. पण ती त्या दिवशी बाबांनी सुधारली होती. इथं तर काही सुधारलेलंच नाही. मग हुक सरळ कसा चालायला लागला?

खाली आले. पेंडंट उघडलं. चार स्क्रू. 'वर'च्या बटणाखाली पाच नंबरचं कडं, 'खाली'च्या बटणाखाली तीन नंबरचं.

कळलं.

वर चढायला नको म्हणून कुणीतरी खालच्या खाली बटणांच्या वायरी बदलल्या. हुक सरळ चालायला लागला, पण आता 'वर' दाबलं की 'खाली'चा कॉन्टॅक्टर ओढला जात होता. आणि वरचा लिमिट स्विच त्या कॉन्टॅक्टरच्या वाटेत नाही. हुक वर जाऊन स्विचला धडकला, स्विचने आपलं काम केलं, पण सोडायला तिथं ओढलेला कॉन्टॅक्टरच नव्हता. 'दिशा उलटी आली तर बटणाला हात लावायचा नाही, मोटरशीच बदलायचं.' हे मला पहिल्या वर्षी कुणी शिकवलं? बाबांनी. चुकले तेव्हा पकडीने टेबल वाजवून शिकवलं.

कुणीतरी, असं वर लिहिलंय. मी मेगर आणायला गेले होते. तिथं दुसरं होतं कोण?

मालक मागे येऊन उभे होते. "सापडलं काही?"

माझ्या हातात पेचकस होता. दोन स्क्रू सैल करायचे, दोन वायरी बदलायच्या. मिनिटभराचं काम. तपासनिसांना सगळं बरोबर दिसलं असतं. बाबा सुटले असते, मीही सुटले असते. दोष द्यायला लंबूभाऊंचा अंगठा तेवढा उरला असता.

"नाही," मी म्हटलं. "उद्या सगळ्यांसमोर बघू." आणि डबा होता तसा बंद केला. त्यातला एक स्क्रू चुकीच्या भोकात घातला आणि परत काढला.

दुकानात आले. बाबा खिडकीशी बसले होते. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले.

"पेंडंट उघडलं मी, बाबा."

मग हातात होती ती वायर त्यांनी माझ्यापुढे धरली.

"ही कोणती?"

"निळी."

"मला काळी दिसते," ते म्हणाले. "लाल पण अंधारात काळीच दिसते. दोन वर्षं झाली. वर त्या दिवशी मी अंदाजाने जोडल्या, पोरी. चुकल्या. परत चढायचं म्हटलं तर पायरीच दिसेना. वाटलं, आज बटणावर भागवू, दोन दिवसांनी तुला घेऊन येऊ आणि नीट करू. मग म्हटलं उद्या. मग उद्या."

"आणि लिमिट स्विच? बघितला म्हणालात."

"नाही बघितला."

"मला सांगितलं का नाहीत? डोळ्यांचं?"

"सांगितलं असतं तर तू मला चढू दिलं नसतंस. मग मी काय करायचं? फोन घ्यायचा?"

राग इतका आला होता की कानशिलं तापली. ज्या परीक्षांचा मला अभिमान वाटत होता, त्या परीक्षा नव्हत्याच. ते माझ्या डोळ्यांनी काम करत होते आणि मला ते कळलंच नाही. रोज समोर बसून कळलं नाही. आणि त्याच वेळी त्यांचा तो वायर धरलेला हात बघवत नव्हता.

"पाच दिवस तुम्ही मला जळू दिलंत," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. एवढंच. सबब सांगितली नाही.

मग मीही सांगितलं. चौथी ओळ, न बघता केलेली खूण. ते म्हणाले, "माझ्या शब्दावर केलीस." मी म्हटलं, "कागदावर तसं लिहिलेलं नाही."

२२ मार्च, शुक्रवार

तपासनीस म्हणजे शांत, सावकाश बोलणारे गृहस्थ. पेंडंट उघडायला त्यांनी हात घातला तेव्हा बाबा पुढे झाले. "साहेब, उघडायच्या आधी सांगतो. आत वायरी उलट आहेत. मी केल्यात." मालक खोकले, काहीतरी बोलायला गेले. तपासनिसांनी नुसता हात वर केला.

मग माझी पाळी आली. कागद पुढे ठेवून ते म्हणाले, "ही खूण तुमची? प्रत्यक्ष पाहिलं होतंत?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी ते लिहून घेतलं. त्यांचं पेन इतकं हळू चालत होतं की मला प्रत्येक अक्षर ऐकू येत होतं.

बाबांचा परवाना रद्द होणार. माझा सहा महिने तरी थांबेल, पुढचं चौकशीत ठरेल. दुकानाचं काय होईल माहीत नाही. हे म्हणाले, "बघू." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दुकानात येऊन शटर ओढायला मदत केली आणि बोट चेमटवून घेतलं.

मी तपासनिसांना जाताना विचारलं, लंबूभाऊंना हे कोण कळवणार? म्हणाले, "अहवाल जाईल. दोन-तीन महिने लागतात."

बाबांनी ते ऐकलं.

२४ मार्च, रविवार

लंबूभाऊंच्या घरी जाऊन आलो. बाबा आणि मी, चालत. रस्ता ओलांडताना बाबांनी आपणहून माझा दंड धरला.

दोन खोल्यांचं घर. लंबूभाऊ पलंगावर, पाय उशीवर, पांढरं बँडेज घोट्यापर्यंत. पलंग त्यांना आखूडच पडतो. आम्हाला बघून ओशाळल्यासारखं हसले आणि आम्ही बसायच्या आधीच बोलायला लागले.

"माफ करा हो बाबा. तुमची नवी क्रेन होती, माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं. मी बटण सोडलं असंच मला वाटतं, पण सगळे म्हणतात सोडलं नाहीस. नसेल सोडलं. आठ दिवस या अंगठ्याकडे बघतोय. याला विचारतो, सोडलं होतंस का नव्हतंस?"

बाबा उभेच होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांनी सांगितलं. मोटरच्या वायरी, डोळे, शिडी, पेंडंट, न बघितलेला स्विच, सगळं. मी माझ्या कागदाचं सांगितलं.

लंबूभाऊ कोपरावर टेकून वर सरकले. मला वाटलं, आता उठता येत नाही म्हणून, नाहीतर अंगावर आले असते. मग ते म्हणाले, "परत सांगा."

बाबांनी परत सांगितलं.

"म्हणजे मी बटण दाबून ठेवलं असतं, तरी थांबायला हवं होतं?"

"थांबायलाच हवं होतं. तुझं बोट कुठंही असो."

"थांबा जरा." त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली आणि बायकोला हाक मारली. ती हात पुसत बाहेर आली. "हिच्यासमोर सांगा."

बाबांनी तिसऱ्यांदा सांगितलं. ती दारातच उभी राहून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "बोटं ह्यांची गेली, आणि बोलणीही ह्यांनीच खाल्ली. शेजारपाजारचे येऊन समजावून जात होते ह्यांना, यापुढे कामावर लक्ष देत जा म्हणून. तेव्हा कुठं होतात तुम्ही?"

बाबांनी मान खाली घातली. निघावं का थांबावं मला कळेना. तिने आम्हाला बसा म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. नवऱ्याच्या पायाखालची सरकलेली उशी तिने नीट केली आणि तिथंच, पलंगाच्या कडेला बसली.

लंबूभाऊ म्हणाले, "गोदामात सांगाल? जेवणाच्या सुट्टीत सगळे एकत्र असतात. साडेबाराला."

"उद्या जातो," बाबा म्हणाले.

परत येताना कोपऱ्यावर आल्यावर बाबांनी विचारलं, "किती माणसं असतील तिथं?"

मी म्हटलं, "चाळीसेक तरी."

थोडं अंतर चालून ते म्हणाले, "म्हणजे मोठ्याने बोलावं लागेल."